साने गुरुजी व त्यांचे छात्रालय

महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची व धर्मगुरूंची चरित्रे छापावयाची, हा आमच्या धर्मग्रामांचा जुना प्रघात आहे, आणि तो मोडावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तथापि या खेपेस लेख लिहावयास बसलो असता आमच्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहिली, ती कोणा ख्रिस्ती संताची नव्हती. ती होती खादीच्या साध्या पोशाखातील, अमळनेरच्या एका संकोची शिक्षकाची. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे नाव. महाराष्ट्र त्यांस साने गुरुजी म्हणून ओळखतो. त्यांचा जन्मदिवस 24 डिसेंबर 1899, म्हणजे नाताळची पूर्वसंध्या. हा निव्वळ योगायोग होय व त्यावर आम्ही कसलाही अर्थ लादू इच्छीत नाही. परंतु दरवर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेस निघताना आम्हांस त्यांची आठवण होते खरी.

त्यांचे चरित्र सांगण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्या स्वतःच्या उण्याशी निगडित आहे. आमचे सारे आयुष्य खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुले शिकविण्यात गेले, आणि आज आम्ही पिंपरी पेंढार येथे निवृत्तीचे दिवस घालवीत आहो. कल्याणहून माळशेज घाट चढून, ओतूर मागे टाकून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आळेफाट्याच्या अलीकडे हे आमचे गाव लागते. शेजारच्या आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले, तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. यात्रेस माणसे लोटतात, समाधीपुढे माथा टेकतात. आणि त्याच मुलखातील शाळांतून, ज्या मुलास धडा येत नसे त्यास आम्ही शिक्षक मंडळी रेडा म्हणूनच हाका मारीत असू. ज्ञानदेवांनी त्या मुक्या जनावराच्या मस्तकी हात ठेवला होता. आमच्या हाती त्या काळी छडी होती. हा विरोध कित्येक वर्षे आमच्या ध्यानीही आला नाही. तो ध्यानी आला तो साने गुरुजींच्या चरित्राने.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात पालगड म्हणून गाव आहे. तेथील खोताच्या घराण्यात गुरुजींचा जन्म झाला. घराणे एके काळचे संपन्न. परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळी ती संपन्नता ओसरली व कर्जाने घर ग्रासले. मुलाच्या वाट्यास आला तो गरिबीचा संसार आणि यशोदाबाईंसारखी आई. या आईविषयी महाराष्ट्राला निराळे सांगणे नलगे. ‘श्यामची आई’ हे पुस्तक ज्या घरी नाही असे वाचणारे मराठी घर विरळा.

तथापि त्या पुस्तकाकडे शिक्षकाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही, आणि आम्हांस ते मुलांच्या वळणाविषयीचे मराठीतील एक उत्तम पुस्तक वाटते. त्यातील दोन प्रसंग पाहावे. स्नान झाल्यावर ओल्या पायांस माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी आई दगडावर आपले लुगडे पसरते, त्याचा हट्ट पुरविते, आणि त्याच घटकेस, तो प्रसन्न असताना, पायांस जपतोस तसेच मनासही जप, हा बोध त्याच्या कानी घालते. दुसऱ्यांदा तो फुलांच्या चढाओढीत उमलण्याआधीच कळ्या तोडून आणतो. आई त्यास चोर ठरवीत नाही. कळी झाडावर फुलण्याचे काय महत्त्व आहे ते त्यास समजावून देते. दोन्ही ठिकाणी मुलाच्या वागण्यात जो दोष आहे तो मुलावर शिक्का म्हणून मारलेला नाही. त्याच्या जागी कसे वागावे, ते त्याच्या हाती दिले आहे. आज शिक्षणशास्त्राच्या वर्गांत हेच तत्त्व मोठमोठ्या शब्दांत शिकविले जाते.

ही आई कधी मारीत नसे, असे मात्र कोणी समजू नये. पोहावयास जाण्याचे टाळून लपून बसलेल्या मुलाला तिने शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडल्याची कथा त्याच पुस्तकात आहे, आणि गुरुजींनी ती लपविलेली नाही. आमचे काही शिक्षकमित्र हीच कथा पुढे करून छडीचे समर्थन करीत. त्यांस आमचे एवढेच सांगणे असे की, त्या फटक्यामागे रात्रंदिवसाची माया होती. आपण ज्यास मारतो त्या मुलाचे पूर्ण नावही आपणांस पुष्कळदा आठवत नाही. शिवाय पुढे गुरुजी स्वतः शिक्षक झाले तेव्हा त्यांनी आईपासून उचलले ते लुगडे, शिंपटी नव्हे.

त्यांच्या शिक्षणाची हकिगत हालअपेष्टांची आहे. पालगडास प्राथमिक शाळा झाली. मग काही काळ दापोलीच्या मिशन हायस्कुलात, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळेत, ते होते. तेथील शिक्षण पैशांअभावी अर्धवट सुटले. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांस आश्रय मिळतो असे ऐकून ते तिकडे गेले. नंतर पुण्यास नूतन मराठी विद्यालयात आले व 1918 साली मॅट्रिक झाले. त्यापूर्वीच, 1917 साली, आई निवर्तली होती. परगावी शिकणाऱ्या त्या मुलास तिचे अखेरचे दर्शनही घडले नाही. उपाशीतापाशी राहून, हाताने स्वयंपाक करून, त्यांनी पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, ज्यास पुढे सर परशुरामभाऊ कॉलेज म्हणू लागले, 1922 साली बी. ए. ची पदवी घेतली, आणि 1924 साली ते एम. ए. झाले. तत्त्वज्ञानाची गोडी त्यांस खानदेशात अमळनेरास घेऊन गेली. तेथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले होते. परंतु त्या निवांत मंदिरात त्यांचे मन रमले नाही. त्याच गावच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात 1924 च्या जून महिन्यात ते शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे ती शाळा प्रताप हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली. गुरुजींचे वय त्या वेळी चोवीस वर्षांचे होते.

त्यांचा शिक्षकी पेशा सहा वर्षांहूनही थोडा कमी चालला. माणसे तीसतीस वर्षे शिकवितात व गावाबाहेर त्यांचे नाव कोणास ठाऊक नसते. या मनुष्याने सहा वर्षे शिकविले आणि गुरुजी हीच त्याची उभ्या महाराष्ट्रात ओळख झाली. असे काय घडले असावे?

शाळेच्या छात्रालयाची देखरेख त्यांच्याकडे सोपविण्यात आली, आणि तेथे ते घडले. छात्रालय म्हणजे काय चीज असते, हे ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले त्यांस सांगावयास नको. घरापासून तुटलेली, तेरा-चौदा वर्षांपासून अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतची मुले. अंथरुणे पसरलेली, कपडे दोरीवर कुजत पडलेले, कंदिलाच्या काचा काजळीने काळ्या झालेल्या. कोणी पहाटे उठावयास तयार नाही, कोणी रात्री निजावयास तयार नाही. अशा ठिकाणी नवा देखरेख करणारा येतो तेव्हा प्रथम नियमांचा फलक लावतो, मग दंडाचा, मग घरी पत्र धाडण्याचा धाक घालतो. आम्हीही एका वसतिगृहावर असताना नेमके याच क्रमाने गेलो होतो, आणि तिसऱ्या महिन्याअखेर मुले आमच्या पावलांचा आवाज ओळखण्यात तरबेज झाली, याहून अधिक काही साधले नव्हते.

गुरुजींनी फलक लावला नाही. मुले शाळेत वा खेळावयास गेली म्हणजे ते खोल्यांतून फिरत. अस्ताव्यस्त अंथरुणाची घडी करून ठेवीत, केर काढीत, कंदिलाची काच पुसून लख्ख करीत. टाकून दिलेले मळके कपडे धुऊन, वाळवून, घडी घालून जागेवर ठेवीत. मुले परतली म्हणजे आपल्या खोलीचे रूप पालटलेले त्यांस दिसे. हे कोणाचे काम, हा प्रश्न दोन-चार दिवस चालला असेल. मग उलगडा झाला आणि मुले शरमली. ज्या गुरुजींस वर्गात आपण नमस्कार करतो ते आपले धोतर धुतात, हे कोणत्या मुलास सहन होणार? हळूहळू मुले आधीच आवरून ठेवू लागली, गुरुजींस काम उरू देईनात. पहाटे ते मुलांस गोड आवाजात भजने-भूपाळ्या म्हणून जागे करीत. कोणी आजारी पडला तर रात्र रात्र उशाशी बसत. आई नसलेल्या या अविवाहित माणसाने मुलांसाठी आईचेच काम पत्करले होते.

एक गोष्ट आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. छात्रालयासाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. रोज! रात्री मुले निजली की स्वतःच्या हाताने लिहावयाचे व सकाळी ते मुलांस वाचावयास लावून ठेवावयाचे. त्यात थोरांच्या गोष्टी असत, जगातील घडामोडी असत, छात्रालयातील जीवनाविषयी चार शब्द असत. सकाळी उठल्याबरोबर मुलांची त्याभोवती गर्दी होई. ज्याने कधी वर्गात पन्नास मुलांपुढे घसा फोडला आहे त्यास या युक्तीचे मोल कळेल. तोंडाने केलेला उपदेश मूल अंगावरून ओघळू देते. आपल्या घराविषयी, आपल्यासाठी, कोणी रात्री जागून लिहिले आहे हे पाहिले म्हणजे ते आपण होऊन वाचते. याच ओढीतून 1928 साली ‘विद्यार्थी’ मासिकाचा जन्म झाला आणि अमळनेरच्या भिंतींबाहेरची मुलेही त्यांची झाली.

येथे एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनी येईल. ती आमच्याही मनी आली होती. मुलांचे कपडे धुणे ही शिस्त लावण्याची रीत झाली काय? अशाने मुले शेफारणार नाहीत काय? आमचे उत्तर असे की, ज्या शिक्षकाने केवळ गुरुजींची नक्कल म्हणून झाडू हाती घेतला त्याची मुले खुशाल शेफारतील. गुरुजींच्या करण्यात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली, अपेक्षा काय आहे ते त्यांनी बोलून नव्हे, करून दाखविले. स्वच्छ खोली कशी असते हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिले. दुसरी, मुलाच्या चांगुलपणावर त्यांनी आधी विश्वास टाकला व मग तो खरा ठरण्याची वाट पाहिली. आणि तिसरी, जी आम्हांस सर्वांत अवघड वाटते, ती ही की, आपण काम केले याचा उल्लेखही ते करीत नसत. आम्ही असतो तर दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी सारे ऐकवून मोकळे झालो असतो.

या जागी आमच्या लेखणीस आमच्या धर्मसभेतील एका थोर शिक्षकाचे नाव आवरत नाही. इटलीत पीडमाँट प्रांती 1815 साली जन्मलेले संत जॉन बॉस्को हे 1841 साली नुकतेच धर्मगुरू झाले होते. त्याच वर्षी 8 डिसेंबरास तुरीन येथे ते मिस्सेची तयारी करीत असता, मिस्सेस साहाय्य करता येत नाही एवढ्या कारणावरून देवळाचा सेवेकरी एका अनाथ गवंडी पोरास बडवीत असलेला त्यांनी पाहिला. त्यांनी सेवेकऱ्यास थांबविले, पोरास परत बोलाविले, त्याची मायेने विचारपूस केली व त्यास धर्मशिक्षणाचा पहिला पाठ दिला. त्या एका पोरापासून हजारोंचे कार्य उभे राहिले. अपराध घडू देऊन मग दंड करावयाचा ही एक पद्धती आणि मुलाच्या सोबत राहून, त्यास विवेक, धर्म व माया यांचा आधार देऊन, अपराध घडूच न देणे ही दुसरी, असा भेद त्यांनी केला व 1877 साली या दुसऱ्या पद्धतीवर छोटासा निबंध लिहिला. ते 1888 साली वारले. 1934 साली पोप पायस अकरावे यांनी त्यांस संतपद दिले. त्यांच्या सालेशियन संघाचे काम मुंबईत 1928 साली सुरू झाले, नेमक्या ज्या वर्षी अमळनेरास ‘विद्यार्थी’ निघाले. या दोघांच्या हयातीत अकरा वर्षांचे अंतर पडले व त्यांच्या उपासनेच्या वाटाही भिन्न. परंतु मुलाजवळ बसण्याची दोघांची रीत मात्र एकच.

अलीकडे पाश्चात्य देशांतील पंडितांनी याच रीतीचे शास्त्र बनविले आहे. 1980 नंतरच्या काळात अमेरिकेत मतिमंद व अपंग मुलांस वेदना देऊन वळण लावण्याच्या क्रूर उपायांविरुद्ध काही संशोधक उभे राहिले. त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, मुलाचे प्रत्येक वागणे काही तरी मिळविण्यासाठी किंवा काही तरी टाळण्यासाठी असते. ते काय हे आधी शोधावे, परिस्थितीत बदल करावा, योग्य वागणे धड्यासारखे शिकवावे, आणि ते दिसताच नेमक्या शब्दांत त्याचे कौतुक करावे. 1997 साली त्यांच्या अपंग-शिक्षणाच्या कायद्यात या रीतीस स्थान मिळाले व पुढे ती सर्वच मुलांच्या शाळांत पसरली. आपल्याकडेही 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही निषिद्ध ठरविले. तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. छडी त्याने काढून घेतली हे उत्तम झाले. परंतु रिकाम्या झालेल्या त्या हाताने काय करावयाचे, हे कायदा कसे सांगणार? ते सांगावयास अमळनेरकडेच पाहावे लागते.

गुरुजींच्या पुढील आयुष्याची हकिगत सर्वश्रुत असल्याने थोडक्यात उरकतो. 1930 साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि एप्रिलअखेर त्यांनी शाळेचा राजीनामा दिला. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा भावे यांनी गीतेवर जी प्रवचने दिली ती उतरून घेणारा हात गुरुजींचाच. पुढे नाशिकच्या तुरुंगात 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. 1935 साली ती प्रसिद्ध झाली, आणि 1953 साली आचार्य अत्रे यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ज्या मुलांच्या खोल्या त्यांनी झाडल्या होत्या त्यांपैकी कित्येक त्यांच्या मागोमाग स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरली. कोणी बोलाविले म्हणून नव्हे. गुरुजी गेले म्हणून.

मे 1947 मध्ये पंढरपुरास त्यांनी जे उपोषण केले त्याचा उल्लेख मात्र आम्ही टाळणार नाही. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून महिनोन् महिने त्यांनी गावोगाव दौरा केला, आणि 1 मे पासून 10 मे पर्यंत अन्न वर्ज्य केले. मंदिर खुले झाले. देवळाच्या पायरीवरून माघारी फिरणे म्हणजे काय, हे आमच्या भागातील कित्येक घरांच्या आजोबा-पणजोबांस पुरेपूर ठाऊक होते. म्हणून या उपोषणाची किंमत आम्ही जाणतो. आणि ते उपोषण म्हणजे छात्रालयाचीच रीत मोठ्या अंगणात आणलेली होती, असे आम्हांस वाटते. ज्यांचे चुकत होते त्यांस दंड न करता गुरुजींनी क्लेश स्वतःकडे घेतला आणि समोरच्यास शरम वाटण्याची वाट पाहिली.

या रीतीची एक किंमत असते. ती गुरुजींनी मोजली. स्वराज्य आले, पाठोपाठ गांधीजींची हत्या झाली, 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढले; परंतु भोवतालच्या कलहाने ते आतून खचत गेले. 11 जून 1950 रोजी त्यांनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. वय अवघे पन्नास वर्षांचे. धर्मसभेच्या शिकवणीप्रमाणे जीवन हे देवाचे देणे होय, व हा अंत आम्हांस अतिशय क्लेश देतो. परंतु न्याय करणे आमचे काम नव्हे, आणि त्या दयाळू पित्याच्या करुणेस आम्ही सीमा घालणार नाही. शिक्षक म्हणून आमच्या मनी एक विचार येतो तो असा: इतरांची मुले उराशी धरणाऱ्यास कोणी तरी विचारावयास हवे की, बाबा, तुझे कसे चालले आहे? आमच्या शाळांतून तरुण शिक्षक व शिक्षिका आज साठ-साठ मुलांचे वर्ग ओढीत असतात. मुलांवर प्रेम करा असे त्यांस सांगणारे पुष्कळ भेटतात; दिवसाकाठी त्यांस पाण्याचा पेला पुढे करणारा विरळा.

आता आरंभी म्हटलेल्या आमच्या उण्याकडे येतो. ऐन उमेदीच्या काळी आम्ही या भागातील एका शाळेवर होतो. वर्गात एक मुलगा रोज उशिरा येई. घर उसाच्या मळ्यात, वस्तीवर. आम्ही प्रथम त्यास रागे भरलो, मग हातावर छड्या दिल्या, अखेर पहिला तास संपेतो दाराबाहेर बसविण्याची शिक्षा ठरविली. तो निमूटपणे बाहेर बसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशिरा येई. आमची अशी समजूत झाली की, पोर कोडगे आहे. वर्ष सरत आले तेव्हा कर्मधर्मसंयोगाने आम्ही त्या वस्तीवर गेलो आणि त्याच्या आजीने सांगितले ते ऐकून मान खाली घातली. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर किती आहे हे येथील वाचकांस नव्याने सांगावयास नको. माणिकडोहचे बिबट्या निवारण केंद्र त्यासाठीच आहे. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंस डोक्याहून उंच ऊस. चांगले उजाडून वडीलधारे कोणी सोबतीस मोकळे झाल्यावाचून आजी त्यास घराबाहेर सोडीत नसे. वर्षभरात आम्ही त्यास उशिराचे कारण दरडावून शंभरदा विचारले असेल. उत्तर ऐकावयास एकदाही थांबलो नव्हतो.

आणखी एक गोष्ट तेथेच उघड झाली. आमचा पहिला तास मराठी वाचनाचा असे, आणि त्या मुलास जोडाक्षरे मुळीच वाचता येत नव्हती. दाराबाहेर बसणे ही आमच्या हिशेबी शिक्षा होती. त्याच्या हिशेबी ती सुटका होती. पंडितांचा तो सिद्धान्त, की वागणे काही तरी टाळण्यासाठी असते, आम्ही पुढे कित्येक वर्षांनी छापील अक्षरांत वाचला तेव्हा आम्हांस ग्रंथकाराचे नव्हे, त्या पोराचे तोंड आठवले.

उरलेल्या दोन महिन्यांत आम्ही इतकेच केले. त्या बाजूच्या चार वस्त्यांवरील मुलांनी मोठ्या मुलाबरोबर मेळ्याने यावे, अशी पालकांशी बोलून व्यवस्था लावली. पहिला तास गणिताचा केला. वाचन मधल्या सुट्टीनंतर ठेवले, व तत्पूर्वी दहा मिनिटे त्यास एकट्यास जवळ बसवून त्या दिवसाचा उतारा दोनदा वाचवून घेऊ लागलो, जेणेकरून वर्गात पाळी आली असता त्यास तो अनोळखी वाटू नये. तो ज्या दिवशी वेळेवर येई त्या दिवशी दारातच त्याचे नाव घेऊन, आज पहिल्या घंटेआधी आलास, हे आम्ही बोलून दाखवू लागलो. प्रथम प्रथम आमची जीभ अडखळे. रागे भरण्याची सवय असलेल्या तोंडास कौतुकाचे शब्द परके वाटतात, आणि मुलासही ते काही काळ खोटेच वाटतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तो हसला. मार्चअखेर तो रडतखडत का होईना, वाचू लागला होता. छडी मात्र त्यानंतरही काही वर्षे आमच्या टेबलावर होती, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे; सवयी काही एका दिवसात सुटत नाहीत.

पालगडास गुरुजींचे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी तेथे जाऊन आलो. परतताना आळेफाट्यावर उतरलो तो एक गृहस्थ ट्रॅक्टर थांबवून खाली उतरले व वाकून नमस्कार करते झाले. तो तोच मुलगा होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते आणि शेजारी त्याची शाळकरी लेक होती. आम्ही भर रस्त्यात त्याची क्षमा मागितली. त्यास छड्या आठवत नव्हत्या, निदान आठवत नाहीत असे तो म्हणाला. दाराबाहेर लिंबाखाली बसून रस्त्याने किती मालट्रक गेले ते आपण रोज मोजीत असू व त्यामुळे आपले गणित पक्के झाले, असे त्याने हसत हसत लेकीस सांगितले, आणि आमची पिशवी उचलून ट्रॅक्टरवर ठेवली.